"हात माझेच, पण मी एवढा थकलेलो नाही": एका प्रिंटवरून पडलेले प्रश्न

कवडसा (धागालेखिका)

गेली चार वर्षं मी आसपासच्या माणसांचे रोजचे फोटो काढते. हा माझा व्यवसाय नाही. नोकरी सांभाळून सकाळचा तासभर आणि सुट्टीचा दिवस, एवढाच वेळ हाताशी असतो. मोठे प्रसंग टिपणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी तिकडे फारशी वळत नाही. जिन्यात बसून बुटाची नाडी बांधणारी मुलगी, चादरीची दोन टोकं धरून ती झटकणाऱ्या दोघीजणी, बसची वाट पाहणाऱ्यांच्या फुटपाथवर पडलेल्या लांब सावल्या, असं काहीबाही टिपत असते.

रस्त्याच्या वळणावर सायकली दुरुस्त करणारे एक काका बसतात. दोन वर्षांत त्यांचे तीनएकशे फोटो तरी काढले असतील. आता त्यांना कॅमेऱ्याची सवय झाली आहे. मी आले की "ये" म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. गेल्या महिन्यातला एक फोटो मला फार आवडला. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली, एका जागी बुडबुडा आलेला आणि त्या जागेवर काकांचा अंगठा नेमका टेकलेला. डावीकडून तिरका उजेड.

घरी येऊन मी तो कृष्णधवल केला. कॉन्ट्रास्ट वाढवला, पोत उठवणाऱ्या पट्ट्या (स्लायडर) ओढून क्लॅरिटी अधिक ६० केली, टेक्स्चर अधिक ४०, कडा काळोख्या केल्या. हातावरची एकेक सुरकुती, नखांतलं वंगण, सगळं उठून आलं. ज्यांना दाखवला त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. मग ए-४ आकाराची प्रिंट काढून काकांना नेऊन दिली.

काकांनी आधी हात पुसले. प्रिंट कडांनी धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "हात माझेच आहेत गं. पण मी एवढा थकलेलो नाही."

बोलण्यात राग नव्हता. प्रिंट फळीवर नीट ठेवली आणि पुढची सायकल उलटी केली.

त्या रात्री मी मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) पुन्हा उघडली. फ्रेमच्या वरच्या भागात काकांचा निम्मा चेहरा आहे, तो मी कापून टाकला होता. त्या चेहऱ्यावर हसू आहे. पंक्चर सापडल्याचं, अगदी बारीकसं, पण हसूच. शिवाय घमेलं गडद निळं आहे आणि त्या निळ्याची झाक ओल्या हातांवर पडली आहे. मी हसू कापलं, निळा रंग घालवला आणि सुरकुत्या खोल केल्या. एकेक पायरी सुटी पाहिली तर कुठलीच चूक वाटत नाही, पण सगळ्या मिळून मी एका कसबी माणसाला दमलेला म्हातारा करून टाकलं.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. रोजच्या जगण्याचे फोटो एडिट करताना थांबायचं कुठे? तुम्ही कसं ठरवता? आणि ज्याचा फोटो आहे त्याला तो पटला नाही, तर तुम्ही काय करता?

जुनीरीळ

धागा मनाला लागला. तुमच्या प्रश्नात 'एडिटिंग' हा शब्द जरा आरोपीसारखा उभा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

मी डार्करूममध्ये वाढलो. एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) हाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवायचा (डॉजिंग) आणि पुठ्ठ्याला भोक पाडून आकाश जास्त वेळ भाजायचं (बर्निंग), हे आम्ही प्रत्येक प्रिंटला करत होतो. आजच्या कॅमेऱ्यातून थेट निघालेली जेपेगही (नेहमीची तयार फोटोफाइल) 'कोरी' नसते. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये २५६. कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या टाकायच्या हे तुम्ही ठरवलं नाहीत, तर कंपनीत बसलेल्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. तेव्हा एडिट केलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

पण क्लॅरिटी नेमकं काय करते ते पाहा. ती मधल्या करड्या छटांमध्ये शेजारच्या शेजारी असलेला फरक वाढवते. भिंतीचा पोपडा, गंजलेलं लोखंड, लाकडाची रेघ यांना ती शोभते. माणसाच्या कातडीत सगळा मामलाच मधल्या छटांचा असतो. तिथे ६० म्हणजे दहा वर्षं वय वाढवणं. कृष्णधवलमध्ये अजून भर पडते, कारण लालसर छटा, म्हणजे रक्ताचा जिवंतपणा, निघून जातो आणि उरतो फक्त पोत. मी क्लॅरिटी लावायचीच झाली तर मास्क करून (बाकीचा भाग झाकून) फक्त वस्तूंवर लावतो. चेहरा आणि हात शून्यावर, कधी उणे ५ वर.

एक जुनं उदाहरण. डोरोथिया लँग या फोटोग्राफर बाईने १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला, मुलांना कुशीत घेतलेल्या स्थलांतरित आईचा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. १९३९ साली लँगने निगेटिव्हवर रिटचिंग करून तो पुसट करून घेतला. त्या अंगठ्यावर आजही चर्चा होते. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. लँगने त्या बाईंचं नाव विचारलंच नव्हतं. त्यांचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते जगापुढे आलं १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी, आणि तेव्हा त्या म्हणाल्या की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. तुमच्या काकांना निदान तुमच्या तोंडावर सांगता आलं.

शाईपेन

मी फोटो काढत नाही, पण माझा काढला गेला आहे.

रात्रपाळी करून बसने परतत होते. खिडकीला डोकं टेकून झोप लागली होती. कुणीतरी फोटो काढला आणि काही महिन्यांनी एका ओळखीच्या मुलीने मला तो एका प्रदर्शनाच्या पत्रकावर दाखवला. खाली कष्टाबद्दल, एकटेपणाबद्दल चार ओळी होत्या. रंग मुद्दाम थंड, निळसर केलेले. फोटो देखणा होता, नाही म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी एकटी नव्हते. बाजूच्या सीटवर मैत्रीण होती, तिची पर्स माझ्या मांडीवर होती. पर्सचा कोपरा फोटोत दिसतो, मैत्रीण कापलेली आहे. आम्ही रात्रभर हसत-बोलत काम केलं होतं आणि मी सुखाने झोपले होते.

तुमचे काका बोलले ते मला बरं वाटलं. मला त्या फोटोग्राफरला काही सांगता आलं नाही. तो कोण हेही मला माहीत नाही.

चौकट

मी थोडी वेगळी बाजू मांडतो.

कवडसा, तुमची तळमळ कळते, पण ज्याचा फोटो त्याचाच शब्द शेवटचा असं ठरवलं तर दहा वर्षांनी तुमच्याकडे काय उरेल? प्रत्येकाला स्वतःचं नीटनेटकं, हसरं चित्र हवं असतं. ते स्टुडिओत मिळतं. रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याची नजर ही स्वतंत्र गोष्ट आहे. काकांना त्यांचा थकवा दिसत नसेल, तुम्हाला दिसला असेल. त्यांनी नाकारला म्हणून तो खोटा ठरत नाही.

कापण्याबद्दलही सांगतो. फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँ क्रॉपच्या ठाम विरोधात होते. तरी पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे १९३२ साली डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा जगप्रसिद्ध फोटो क्रॉप केलेलाच आहे. कुंपणाच्या फटीतून काढला होता आणि फळी एका बाजूला आड आली होती. तेव्हा कापणं हा गुन्हा नव्हे.

कवडसा (धागालेखिका)

चौकट, तुमचं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवलं. थकवा मला खरंच दिसला असता तर मी तुमच्याशी सहमत झाले असते. पण शटर दाबलं त्या क्षणी मी थकवा पाहिलाच नव्हता. मला दिसला होता तो बुडबुडा आणि त्यावर अचूक टेकलेला अंगठा. थकवा मी नंतर, रात्री, स्क्रीनसमोर बसून आणला. का आणला? कारण कामकरी माणसाचे हात कृष्णधवल आणि खडबडीत दाखवायचे असतात, असे फोटो मी शेकड्यांनी पाहिले आहेत. ती नजर माझी नव्हतीच, उसनी होती.

त्या उडी मारणाऱ्या माणसाच्या फोटोत कुंपणाची फळी गेली. माझ्या फोटोत हसू गेलं.

शाईपेन, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मैत्रीण कापली गेली हे डोक्यातून जात नाही.

चौकट

उसनी नजर हा मुद्दा मान्य. माझी हरकत मागे घेतो असं नाही, पण तुमच्या या फोटोपुरती ती लागू होत नाही.

पायवाट

कातडीचा विषय निघालाच आहे तर रंगाबद्दल बोलायला हवं. सुरकुत्यांपेक्षा जास्त नुकसान तिथे होतं असं माझं मत आहे.

एडिटिंगच्या ॲपमध्ये रंगवार पट्ट्या असतात. माणसाची कातडी, कुठल्याही वर्णाची, मुख्यतः नारिंगी आणि थोडी लाल पट्टीत येते. नारिंगीचा उजळपणा वीस-पंचवीसने वाढवला की चेहरे 'खुलतात', असं बऱ्याच ट्युटोरियलमध्ये शिकवतात. चेहरे खुलत नाहीत, ते गोरे होतात. कित्येक फोन तर न विचारताच हे करतात. एका क्लिकमागे अनेक फ्रेम जोडून सावल्या उचलतात, कातडी गुळगुळीत करतात. सौंदर्यवर्धनाची सेटिंग आधीपासून चालू असते आणि ती बंद करता येते हेच अनेकांना ठाऊक नसतं. फोनवर काढणाऱ्यांनी पहिल्यांदा ती शोधून बंद करावी. रॉची सोय असेल तर ती वापरावी.

हा प्रकार आजचा नाही. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅक एक नमुनापत्र देत असे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर दशकानुदशकं गोऱ्या बाईचाच फोटो असायचा. तिची कातडी बरोबर दिसली की प्रिंट बरोबर. सावळ्या माणसांचे चेहरे त्यात काळोखून जात आणि दोष मात्र 'उजेड कमी पडला' याच्यावर जाई.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर दृश्याची सरासरी मध्यम करड्याकडे खेचतो. सावळा माणूस पांढऱ्या भिंतीपुढे उभा असेल तर मीटर भिंतीला घाबरून सगळंच अंधारं करतो. मग लोक घरी येऊन चेहरा उचलतात आणि त्यात राखाडी ठिपके (नॉइज) येतात. त्यापेक्षा तिथल्या तिथे एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) चेहऱ्यावरून घ्यावं, भिंत थोडी जळाली, म्हणजे पार पांढरी पडली, तरी चालेल. नाहीतर दोन पावलं सरकून मागे गडद काहीतरी येईल असं पाहावं. सावळी कातडी उजळ करावी लागत नाही, तिच्यावरची चमक नीट पकडावी लागते. खिडकीचा बाजूने येणारा उजेड त्यासाठी सर्वांत चांगला.

व्हाइट बॅलन्सही (दिव्याच्या रंगाची झाक घालवणारी सुधारणा) फार 'बरोबर' करू नका. पिवळ्या दिव्याचा प्रकाश साधारण ३,००० केल्विनच्या (प्रकाशाचा रंग मोजायचं एकक, आकडा कमी तितका पिवळा) आसपासचा असतो, दुपारच्या उन्हाचा ५,५००च्या. रात्री पिवळ्या बल्बखाली अभ्यास करणाऱ्या मुलाचा फोटो पार पांढराशुभ्र केला तर ती खोली राहत नाही. मी सुधारणा अर्ध्यावर थांबवतो.

नवशिक्या

सगळे प्रतिसाद उतरवून घेतोय. एक भाबडा प्रश्न: आड येणारी वायर, प्लास्टिकची पिशवी, कडेला आलेला कुणाचा तरी पाय, हे पुसलं तर चालतं का? आता एका बोटाने पुसलं जातं म्हणून विचारतोय.

जुनीरीळ

प्रश्न भाबडा नाही, त्यावर पारितोषिकं गेली आहेत. २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीचित्रांच्या स्पर्धेत एका विजेत्याला बाद केलं होतं, कारण त्याने चित्रात मागे दिसणारा पायाचा एक तुकडा पुसला होता. २०१५ साली त्याच स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीत पोहोचलेल्या प्रवेशिकांपैकी २० टक्के अशाच फेरफारांमुळे बाद झाल्या. बातमीसाठी नियम सरळ आहे: जे होतं ते काढायचं नाही, जे नव्हतं ते घालायचं नाही.

आपण बातमीदार नाही, पण रोजच्या जगण्याची नोंद म्हणून फोटो ठेवणार असू तर मी हाच नियम पाळतो. आज नकोशी वाटणारी वायर वीस वर्षांनी सगळ्यात मोलाची ठरेल. माझ्या जुन्या रिळांत लोक आता काय पाहतात? मागच्या पाट्या, टेलिफोनचे खांब, खिडक्यांचे गज. मुख्य माणूस शेवटी.

वायर नकोच असेल तर काढतानाच एक पाऊल डावीकडे. सेन्सरवरची धूळ मात्र खुशाल पुसा, ती तिथे नव्हती.

नवशिक्या

एक पाऊल डावीकडे, लक्षात ठेवतो. पण माझा गोंधळ पुढचा आहे. एका सकाळी चारशे फोटो निघतात. एडिट करायला बसलो की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही.

जुनीरीळ

मग तुमची खरी एडिटिंग स्लायडरच्या आधीच अडली आहे. आमच्या काळी एडिटिंग म्हणजे निवड. कॉन्टॅक्ट शीटवर (अख्ख्या रिळाच्या छोट्या प्रिंट एकत्र असलेला कागद) भिंग ठेवायचं आणि लाल पेन्सिलने खूण करायची. रॉबर्ट फ्रँक हा फोटोग्राफर १९५५ पासून अमेरिकाभर फिरला, सुमारे २७,००० फ्रेम काढल्या आणि पुस्तकात घेतले ८३ फोटो. म्हणजे सव्वातीनशेत एक.

माझी पद्धत सांगतो. त्याच दिवशी निवड करत नाही. त्या दिवशी थंडी, गप्पा, वास सगळं आठवत असतं आणि ते फोटोत आहे असं वाटतं. आठवडाभराने पाहिलं की जे खरंच फ्रेममध्ये उतरलंय तेवढंच दिसतं. पहिल्या फेरीत झरझर पुढे जायचं, जिथे हात आपोआप थांबेल तिथे खूण. नाकारलेले मात्र मी पुसत नाही. कवडसा, तुमच्या काकांचं हसू तुम्ही काढून टाकलेल्या भागातच सापडलं ना?

तीनशे फोटो एकाच माणसाचे, हे मला तुमच्या कामात सगळ्यात मोठं वाटतं. अमेरिकेत बफेलो शहरात मिल्टन रोगोविन नावाचे डोळे तपासून चष्मे देणारे गृहस्थ होते. १९७२ साली त्यांनी आपल्या दवाखान्याजवळच्या वस्तीतल्या लोकांचे फोटो काढायला सुरुवात केली. विचारून काढत, माणसाला हवं तसं उभं राहू देत आणि प्रिंट नेऊन देत. मग १९८४ साली, १९९२ साली आणि २००० साली त्याच माणसांना शोधून पुन्हा काढले. चार फोटो शेजारी ठेवले की तरुण मुलगी आजी झालेली दिसते. वय दाखवायला त्यांना कुठलाही स्लायडर ओढावा लागला नाही, ते थांबले फक्त.

पायवाट

मुलांबद्दल दोन शब्द. आईवडिलांना विचारल्याशिवाय मी लहान मुलांचा चेहरा कुठेही टाकत नाही आणि मूल 'नको' म्हणालं तर आईवडील हो म्हणाले तरी टाकत नाही. शिवाय फाइलमध्ये जीपीएसची नोंद दडलेली असते. एक्स्पोर्ट करताना 'लोकेशन काढा' हा पर्याय निवडा. तारीख आणि मथळा मात्र ठेवा. तारीख नसलेला फोटो पुढे कुणालाच उपयोगी पडत नाही.

प्रतींचं सर्वांना माहीत असेलच: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

शाईपेन

कवडसा, काकांचं पुढे काय झालं?

कवडसा (धागालेखिका)

आज सकाळी जाऊन आले.

फोटो नव्याने केला. रंगीत ठेवला, क्रॉप काढून टाकला, क्लॅरिटी शून्य. एक्स्पोजर पाव स्टॉप, म्हणजे किंचित, वाढवलं, घमेल्याचा निळा होता तसाच ठेवला. हातांवर काहीही केलं नाही. एकूण चार मिनिटं लागली असतील. पहिल्या वेळी दोन तास लागले होते.

काकांनी पुन्हा हात पुसून प्रिंट घेतली. या वेळी बघताना त्यांनी बोट बुडबुड्यावर ठेवलं आणि म्हणाले, "वॉल्व्हच्या बुंध्याशी होतं हे. तिथलं लवकर सापडत नाही." मग ती सायकल कोणाची होती, तो मुलगा कसा घाईत होता, ते सगळं सांगितलं. मी दोन वर्षं फोटो काढतेय, पण हे कधी विचारलं नव्हतं. घरी येऊन मथळ्यात जमेल तेवढं लिहून ठेवलं.

जुनी प्रिंट परत घेऊन जाऊ का, असं विचारलं. नको म्हणाले. "ही पण राहू दे. बायकोला दाखवली तर ती म्हणाली, रात्री घरी येता तेव्हा असेच दिसता."

चौकट, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

आता दोन्ही प्रिंट फळीवर आहेत. नवी पुढे, जुनी तिच्या मागे. दोन्हींच्या पाठीवर तारीख घालून दे असं काकांनी सांगितलंय. कागद गुळगुळीत, प्लास्टिकचा थर असलेला आहे. पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढे उठतो. कशाने लिहू?

जुनीरीळ

पिगमेंट शाईचं, पाण्याने न पसरणारं बारीक टोकाचं पेन घ्या. मागच्या बाजूला, अगदी कडेला लिहा, चित्राच्या पाठीवर नको. पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका, नाहीतर शाई दुसऱ्या प्रिंटच्या पुढच्या बाजूला उमटेल. आणि तारखेबरोबर काकांचं नावही लिहा, त्यांना विचारून.